बैलाचा सोमवार, चुलीची एकादशी आणि रेल्वेतला बदली माणूस

धारवाड शहराच्या रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या मळमड्डी या वस्तीत विश्रांतीच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. पहिली व्यवस्था भोवतालच्या काळ्या जमिनीत राबणाऱ्या शेतकऱ्याची, जिचा धागा बैलाशी जोडलेला आहे. दुसरी मठ-मंदिरांभोवती वसलेल्या वैष्णव कुटुंबांची असून ती तिथीवर चालते, आणि तिसरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्गाबरोबर आलेली, घड्याळावर व कायद्याच्या कलमांवर उभी असलेली रेल्वे नोकराची व्यवस्था होय. सततच्या कामाने माणूस शरीराने आणि मनाने पिचून जाऊ नये म्हणून ठरावीक दिवशी काम थांबवावे, ही गरज आज ‘बर्नआउट’ या शब्दाभोवती चर्चिली जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात त्या स्थितीची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. ती गरज मात्र नवी नाही. विश्रांती कोणाला मिळाली, कोणाच्या नावाने मिळाली आणि त्या दिवशी थांबलेले काम कोणी उचलले, या तीन प्रश्नांच्या अंगाने हा इतिहास वाचला म्हणजे सुट्टीचे खरे स्वरूप ध्यानात येते.

धारवाड हे मलनाड, म्हणजे पश्चिमेकडचा पावसाळी डोंगराळ भाग, आणि पूर्वेकडचे काळे सपाट रान यांच्या सीमेवर वसलेले आहे. या मुलखात लिंगायत समाजाचे प्राबल्य असल्यामुळे सोमवार हा शिवाचा आणि पर्यायाने त्याच्या वाहनाचा, बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार मानला गेला, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही हा दंडक पाळला. या प्रथेत थांबवायचा तो बैल होता, माणूस नव्हे. पण बैल थांबला की नांगर थांबे, कुळव थांबे, मोट थांबे आणि त्यांच्यामागे चालणारा माणूसही आपोआप मोकळा होई. तो दिवस अगदी रिकामा जात असे असे नाही. दोरखंड वळणे, अवजारे दुरुस्त करणे, देवळात जाऊन येणे, पाहुण्यारावळ्यांची विचारपूस करणे ही कामे सोमवारसाठी राखून ठेवलेली असत, मात्र त्यांची गती माणसाच्या स्वतःच्या हातात असे. बाराव्या शतकातील शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, ज्या ‘कायक’ तत्त्वाचा पुरस्कार केला, त्यात प्रामाणिक श्रमाला पूजेचे मोल आहे; श्रमाला इतके वरचे स्थान देणाऱ्या परंपरेतच दर सात दिवसांनी श्रम थांबवण्याचाही नियम रुजावा, ही गोष्ट विशेष मोलाची आहे, कारण काम पवित्र मानले म्हणजे ते अखंड चालवले पाहिजे असा अर्थ या समाजाने काढला नाही.

आठवड्याच्या या विसाव्याला वर्षाच्या विसाव्याची जोड होती. ज्येष्ठ पौर्णिमेला कन्नड मुलखात ‘कारहुण्णिमे’ साजरी होते, आणि सांगली-कोल्हापूरकडचे मराठी शेतकरी तिलाच ‘कर्नाटकी बेंदूर’ म्हणून ओळखतात. आषाढातल्या ‘महाराष्ट्रीय बेंदरा’पासून तिचे वेगळेपण या नावातच नोंदलेले आहे. बैलांच्या सणात खांदेमळणी नावाचा जो विधी आदल्या संध्याकाळी होतो, तो नीट पाहण्यासारखा आहे. जुवाच्या सततच्या घर्षणाने बैलाच्या मानेवरची कातडी राठ होते, तिथे सूज येते, कधी जखम होऊन ती चिघळते. त्या नेमक्या जागी हळद आणि लोणी किंवा तूप लावून हाताने हलके हलके चोळले जाते. दुसऱ्या दिवशीची शिंगांची रंगरंगोटी, झुली आणि मिरवणूक सर्वांच्या लक्षात राहते, परंतु सणाचा गाभा आदल्या दिवशीच्या त्या मळणीत आहे, कारण कामाने शरीराची जी जागा झिजते तीच जागा ओळखून तिची निगा राखणे हा तिचा हेतू होय. आधुनिक कारखान्यात यंत्राच्या देखभालीचे वेळापत्रक असते आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या खांद्याकडे पाहण्याची सोय फार उशिरा झाली, हे लक्षात घेता खांदेमळणीमागची समज किती सूक्ष्म होती ते कळते.

मळमड्डीतील दुसरी व्यवस्था तिथीची. वनवासी राम मंदिर आणि श्रीराघवेंद्रस्वामींचा मठ यांच्या परिसरात माध्व, म्हणजे मध्वाचार्यांना मानणाऱ्या, वैष्णव कुटुंबांची दाट वस्ती असून त्यांतील अनेक घरे कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत वावरणारी आहेत. संस्कृत विद्येच्या परंपरेत अध्ययन बंद ठेवण्याच्या दिवसाला ‘अनध्याय’ म्हणतात. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावस्या या तिथींना वेदपठण करायचे नाही, ढगांचा गडगडाट झाला किंवा धुळीचे वादळ उठले तरी पाठ थांबवायचा, असे नियम स्मृतिग्रंथांत आढळतात, आणि मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर त्यांची लांबलचक यादीच आहे. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात अशोकवनातील कृश सीतेला प्रतिपदेलाही अध्ययन करणाऱ्याच्या क्षीण झालेल्या विद्येची उपमा दिलेली आहे. अनध्यायाच्या दिवशी घोकलेली विद्या वाढत नाही, उलट रोडावते, ही समजूत किती सर्वमान्य होती हे या उपमेवरून दिसते. पाठांतरावर आधारलेल्या शिक्षणात स्मरणशक्तीला मधूनमधून मोकळीक देण्याची आवश्यकता गुरुजनांना अनुभवाने कळलेली असावी, आणि ती मोकळीक शिष्याच्या मर्जीवर न सोडता तिला पापपुण्याचे कुंपण घातल्यामुळेच ती टिकून राहिली.

तिथीच्याच आधाराने कारागिरांची सुट्टी चाले. गवंडी, सुतार, लोहार, सोनार यांच्यात अमावस्येला हत्यार हाती न धरण्याची चाल दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात सर्वत्र होती आणि बांधकामाच्या धंद्यात ती अजूनही बऱ्याच ठिकाणी पाळली जाते. घर बांधून घेणाऱ्याने कितीही घाई केली तरी त्या दिवशी थापी हातात धरली जाणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक असते.

घरातल्या चुलीच्या विश्रांतीचा विचार मात्र जरा थांबून करावा लागतो. माध्व संप्रदायात एकादशीचा उपवास अत्यंत कडक मानला जातो. त्या दिवशी अन्न शिजवायचे नाही, लहान मुले, वृद्ध आणि आजारी यांच्यापुरते फलाहाराचे पाहायचे, एवढाच स्वयंपाकघराचा व्याप असतो, आणि वर्षाकाठी चोवीस वेळा येणारा हा दिवस सणवार, सोवळे आणि मोठ्या पंगती सांभाळणाऱ्या स्त्रीला चुलीपासून मोकळे करणारा एकमेव नियमित दिवस होता. असे असले तरी दुसऱ्याच दिवशी द्वादशीचे पारणे, म्हणजे उपवास सोडण्याचे जेवण, ठरलेल्या वेळेच्या आत व्हावे लागते. पुष्कळदा ती वेळ सकाळी लवकर संपत असल्यामुळे घरातील बायकांना पहाटेच्या अंधारात उठून, न्हाऊन, सोवळ्याने पूर्ण स्वयंपाक करावा लागे. एकादशीने दिलेला विसावा द्वादशीची पहाट अशा रीतीने व्याजासह वसूल करीत असे. उत्तर कर्नाटकातील नागपंचमीची गोष्टही यासारखीच आहे. त्या दिवशी जमीन खणायची नाही, विळीने चिरायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही असे निर्बंध असतात, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात; पण पंचमीसाठी तऱ्हेतऱ्हेचे लाडू, ज्यांना तिकडे ‘उंडी’ म्हणतात, आधीचे कित्येक दिवस वळले जात असतात, आणि माहेरवाशिणीला मिळणारी विश्रांती ही तिच्या आईच्या व भावजयीच्या दुप्पट श्रमांवर उभी असते. भावजय स्वतः माहेरी गेली तर सासूचे काम वाढते. या व्यवस्थेतील मेख येथे उघड होते: बैलाचे काम एक दिवस राहिले तर शेत वाट पाहू शकते, पोथी वाट पाहू शकते, भिंतही वाट पाहू शकते, परंतु भूक थांबत नाही, आणि जे काम थांबू शकत नाही त्यातल्या माणसाला सुट्टी द्यायची तर त्याच्या जागी दुसरे कोणीतरी उभे करावे लागते.

हाच प्रश्न रेल्वेने सार्वजनिक पातळीवर आणला. सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 मध्ये स्थापन झाली, त्याच दशकात धारवाड-हुबळीचा मुलूख लोहमार्गाने गोव्याच्या मुरगाव बंदराशी जोडण्याचे काम झाले, हुबळीला मोठे कारखाने उभे राहिले आणि कंपनीचे मुख्य कार्यालय धारवाडला थाटले गेले. मद्रास रेल्वेशी विलीनीकरण होऊन 1908 मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली तेव्हा मुख्यालय मद्रासला हलले, आणि धारवाडमधील कंपनीच्या भव्य इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले. मधल्या काळात स्टेशनभोवतीच्या वस्तीला कचेरीच्या वेळा, गाड्यांच्या वेळा आणि पाळ्या यांची सवय जडली. कचेरीतल्या कारकुनाला रविवार मिळत असे. गाडी रविवारीही धावत असल्यामुळे स्टेशन मास्तर, सिग्नलवाला, पॉइंट्समन, फाटकवाला आणि इंजिन चालवणारा ड्रायव्हर यांच्या वाट्याला तो येत नसे, आणि त्यांच्या गावाकडच्या घरी बैल सोमवारी गोठ्यात रवंथ करीत बसलेला असला तरी त्यांना स्वतःला असा एकही वार नव्हता.

रविवार हा सर्वसाधारण श्रमिकाचा हक्काचा दिवस कसा झाला याचा इतिहास मुंबईच्या गिरणगावात घडला. तेथील गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि ठरावीक साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणाच्या मोजक्या दिवसांखेरीज यंत्र बंद राहिले तरी ते पुसायला कामगारालाच यावे लागे. भारतातील 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, प्रौढ कामगाराला काहीच दिले नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (1848–1897) यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचे निवेदन तयार केले, ज्यात आठवड्याला एक पूर्ण दिवस विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी आणि पगार वेळेवर मिळावा या मागण्या होत्या. मालक बधले नाहीत. एप्रिल 1890 मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले. रविवार हा खंडोबाचा वार असल्यामुळे तोच सुट्टीसाठी योग्य, अशी भूमिका लोखंडे यांनी मांडली असे सांगितले जाते, आणि ती धारवाडकडच्या वाचकाला सहज पटण्याजोगी आहे, कारण खंडोबा म्हणजेच त्या मुलखातला मैलार, आणि राणेबेन्नूरजवळच्या देवरगुड्डाला मैलाराच्या दर्शनासाठी रविवारचे महत्त्व पूर्वापार आहे. इंग्रजी कचेरीचा वार आणि धनगर-शेतकऱ्यांच्या दैवताचा वार एकच निघाला, ही त्या चळवळीला लाभलेली अनुकूल गोष्ट ठरली; परंतु सुट्टी मिळाली ती त्या योगायोगाने नव्हे, सह्या आणि सभांच्या जोरावर.

गिरणीतली ही सुट्टी पगारी नव्हती. रोजंदारीच्या माणसाला रविवार म्हणजे कमाईत पडलेला खाडा असे, आणि आठवड्याच्या अधेमध्ये थकून किंवा आजारी पडून कोणी घरी राहिले तर त्याच्या मागावर बदली कामगार उभा केला जाई. बदली कामगार म्हणजे कायम नोकरी नसलेला, रोज सकाळी गिरणीच्या दाराशी येऊन आज कोण गैरहजर आहे याची वाट पाहणारा माणूस. एकाच्या विसाव्यावर दुसऱ्याची चूल पेटे. विसावा घेणाऱ्याला आपली जागा जाईल ही धास्ती आणि बदलीवाल्याला उद्या काम मिळेल की नाही ही चिंता, अशा स्थितीत दोघांपैकी कोणाचेही मन मोकळे होणे शक्य नव्हते.

रेल्वेत याहून निराळा मार्ग काढला गेला, आणि त्याची सुरुवात परदेशात झालेल्या परिषदांमधून झाली. कामाच्या तासांविषयीचा 1919 चा वॉशिंग्टन करार आणि उद्योगधंद्यांतील साप्ताहिक विश्रांतीविषयीचा 1921 चा आंतरराष्ट्रीय करार हिंदुस्थान सरकारने स्वीकारले होते; वॉशिंग्टनच्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी हजर होते. या करारांची अंमलबजावणी रेल्वेत व्हावी म्हणून 1930 मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोकरांच्या कामाचे वर्ग पाडण्यात आले. सलग लक्ष द्यावे लागते ते ‘अखंड’ काम आणि ज्यात मधूनमधून बराच वेळ नुसते थांबून राहावे लागते ते ‘मूलतः खंडित’ काम; पुढे ‘अतिश्रमाचे’ काम असाही वर्ग आला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे 1946 मध्ये रेल्वे नोकरांच्या तक्रारी लवादासाठी सोपवण्यात आल्या, त्यांत कामाचे तास, नियतकालिक विश्रांती आणि रजा यांच्याबरोबर रजेसाठी राखीव ठेवायच्या माणसांची संख्या हाही विषय होता. हा शेवटचा विषय त्या निवाड्याचे खरे महत्त्व सांगतो. सुट्टीचा हक्क कागदावर लिहिणे सोपे आहे. सुट्टीवर गेलेल्याच्या जागी कोण बसणार हे ठरवून तेवढी जादा माणसे पगारावर ठेवणे हा हक्काचा खर्चिक भाग असतो, आणि राजाध्यक्ष निवाड्याने तो भाग चर्चेच्या मध्यभागी आणला.

रेल्वेत ‘रेस्ट गिव्हर’ नावाने ओळखला जाणारा कर्मचारी याच विचारातून उभा आहे. त्याचे स्वतःचे ठरलेले स्टेशन किंवा पाळी नसते. आज एका स्टेशन मास्तरच्या, उद्या शेजारच्या स्टेशनावरील दुसऱ्याच्या जागी बसून त्यांना आठवड्याची विश्रांती मिळवून देणे हेच त्याचे काम असते. गिरणीतला बदली आणि रेल्वेतला रेस्ट गिव्हर यांच्यातला फरक मूलभूत आहे, कारण हा माणूस कायम नोकरीत असतो, त्याचा पगार कोणाच्या गैरहजेरीवर अवलंबून नसतो आणि त्याला स्वतःलाही विश्रांती असते. रात्री सिग्नल देऊन, पुढच्या स्टेशनाशी बोलून, नोंदवहीत गाडीची वेळ टिपून मग पुढच्या गाडीपर्यंत जागत बसणाऱ्या माणसाला त्याच्यासारखाच परीक्षा दिलेला, मार्गाची माहिती असलेला सहकारी जागेवर येतो आहे हे ठाऊक असले म्हणजेच निश्चिंतपणे झोप लागते.

सध्याच्या 1989 च्या रेल्वे कायद्यात अतिश्रमाच्या वर्गासाठी आठवड्याला 45, अखंड कामासाठी 54 आणि मूलतः खंडित कामासाठी 75 तासांची मर्यादा आहे. पहिल्या दोन वर्गांना आठवड्याला सलग 30 तासांची, तिसऱ्याला एका पूर्ण रात्रीसह सलग 24 तासांची विश्रांती मिळते. यातील 75 तासांचा आकडा खटकतो आणि तो खटकलाच पाहिजे. गाड्यांच्या मधल्या वेळेत फाटकवाला हात हलवत नाही म्हणून त्याला तेवढी विश्रांती मिळाली असे धरणे म्हणजे वाट पाहणे आणि विसावणे यांना एकच समजणे होय. घंटेकडे कान लावून बसलेले मन मोकळे नसते. सोमवारी बैलाला गोठ्यात सोडणाऱ्या शेतकऱ्याने त्याच्या मानेवर जू ठेवून नुसते उभे करून ठेवले नव्हते.

इंजिन चालवणाऱ्यांचा प्रश्न आणखी बिकट राहिला. त्यांना महिन्यातून किमान चार वेळा सलग 30 तासांची किंवा पाच वेळा सलग 22 तासांची विश्रांती देण्याची तरतूद आहे. गाडी गंतव्याला पोचेपर्यंत पाळी लांबत जात असल्यामुळे 1973 मध्ये लोको कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला तो दहा तासांच्या पाळीसाठी, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात झालेल्या मोठ्या रेल्वे संपामागेही कामाच्या तासांचा प्रश्न होताच. हुबळी हे 2003 पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय असून धारवाडवरून जाणाऱ्या गाड्यांचे चालक त्याच मुख्यालयाच्या कारभाराखाली येतात. दक्षिणेकडील चालकांनी 2024 मध्ये ज्या मागणीसाठी आंदोलन केले ती गणिताच्या भाषेत अगदी साधी होती: पाळी संपवून मुख्यालयी परतल्यावर मिळणारी 16 तासांची विश्रांती आणि आठवड्याची 30 तासांची विश्रांती या दोन्ही वेगवेगळ्या धराव्यात, म्हणजे सलग 46 तास मिळतील. प्रशासन मात्र पहिली विश्रांती दुसरीतच मोजते, आणि त्यामुळे घरी पोचून झोप काढेपर्यंतच सुट्टीचा मोठा भाग सरून गेलेला असतो असे चालकांचे म्हणणे आहे. आठवड्याच्या हिशेबात ही तफावत 16 तासांची दिसते, परंतु रात्रीच्या पाळ्या ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक पूर्ण रात्र घरच्यांबरोबर मिळते की दोन, एवढा तिचा अर्थ आहे.

कार्यालयांची सुट्टी तुलनेने सहज वाढत गेली. बँकांना 2015 पासून महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार मिळू लागला, कर्नाटक सरकारने 2019 मध्ये आपल्या नोकरांना चौथा शनिवार दिला आणि त्याच वेळी वर्षाच्या नैमित्तिक रजा पंधरावरून दहावर आणल्या. कचेरीचे दार बंद करता येते, त्यामुळे तिथे नवा माणूस नेमावा लागत नाही. रेल्वेचे, रुग्णालयाचे आणि घरातल्या स्वयंपाकाचे दार बंद करता येत नाही. रविवार हा नोकरदाराच्या सुट्टीचा दिवस ठरल्यापासून मळमड्डीसारख्या नोकरदार वस्तीत त्या दिवशीचे जेवण साग्रसंगीत होऊ लागले आणि स्वयंपाकघरातल्या स्त्रीच्या कामात त्या वाराने भरच घातली. तिच्यासाठी कोणत्याही कायद्याने रेस्ट गिव्हर नेमलेला नाही, आणि घरातले पुरुष ओट्याशी उभे राहिले तरच ती जागा भरली जाते.

रेल्वेत मात्र ही जागा माणसांच्या भरतीनेच भरावी लागते. सहायक लोको पायलटच्या, म्हणजे चालकाच्या साहाय्यकाच्या, 5,696 जागांसाठी रेल्वेने जानेवारी 2024 मध्ये जाहिरात काढली आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो आकडा 18,799 वर नेला. अशा भरतीतले उमेदवार निवड, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण पार करून प्रत्यक्ष इंजिनावर पोचेपर्यंत आधीच कामावर असलेल्यांच्या पाळ्यांचे आणि विश्रांतीचे गणित आहे त्याच संख्येत सोडवावे लागते.